आजचं मनन : ऐकू आलं, पण ऐकलं का?

शास्त्रभाग : १ शमुवेल ३:१-१८



"देव माझ्याशी बोलतोय हे मला कळणार कसं?" आपल्या तरुणांच्या सभेत हा प्रश्न हमखास येतो. मीही तो अनेकदा विचारलाय. गेल्या वर्षी मला दुसऱ्या शहरातून नोकरीची चांगली ऑफर आली. शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचं होतं. मी काय केलं? डोळे मिटून प्रार्थना केली, बायबल उघडलं आणि बोट ठेवलं. पहिल्यांदा वंशावळ आली. दुसऱ्यांदा शापांची यादी. तिसऱ्यांदा उत्पत्तीचा बारावा अध्याय, जिथे देव अब्रामाला आपला देश सोडून निघायला सांगतो. झालं! मी बायकोला म्हटलं, "बघ, देव बोलला."

ती शांतपणे म्हणाली, "आणि पहिल्या दोन वेळा कोण बोललं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. ऑफिसात कुणी लॉगमधली आपल्या सोयीची एकच ओळ दाखवून "माझा कोड बरोबर आहे" म्हणालं, तर मी त्याला पूर्ण लॉग वाचायला लावतो. शास्त्राच्या बाबतीत मात्र मी तेच करत होतो.

आता शमुवेलाकडे पाहू या. हा मुलगा शिलो येथे मंदिरातच राहत होता, सेवा करत होता, कोशाजवळच झोपत होता. तरी देवाची हाक आली तेव्हा त्याला ती ओळखता आली नाही. तो तीनदा एलीकडे धावला. सातवं वचन कारण सांगतं : त्याला अजून परमेश्वराची ओळख झाली नव्हती. म्हणजे मंदिरात राहणं वेगळं आणि देवाचा आवाज ओळखणं वेगळं. माझं सगळं बालपण संडे स्कूलमध्ये गेलं, त्यामुळे हे वाक्य मला जरा लागतंच.

हाक कुणाची हे पहिल्यांदा कुणाला कळलं? एलीला. दृष्टी अधू झालेला, स्वतःच्या मुलांना आवर घालण्यात कमी पडलेला म्हातारा. पण त्यानेच शमुवेलाला सांगितलं की पुन्हा हाक आली तर काय उत्तर द्यायचं. देवाचा आवाज ओळखायला आपल्याला दुसऱ्या माणसाची गरज पडते, आणि ते माणूस निर्दोष असेलच असं नाही.

माझ्या बाबतीत ते काम आमच्या मंडळीतल्या एका काकांनी केलं. मी त्यांना अब्रामाचं वचन उत्साहाने सांगितलं. ते म्हणाले, "ते असू दे. रोजच्या वाचनात सध्या काय चालू आहे?"

"मत्तय. पाचवा अध्याय."

"त्यात कुठे अडखळलास?"

मी गप्प झालो. कारण अडखळलो होतो, आणि भराभर पुढे सरकलो होतो. तेविसाव्या-चोविसाव्या वचनात प्रभू येशू सांगतो की वेदीजवळ अर्पण आणलं असताना आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेवावं आणि आधी जाऊन समेट करावा. नीट पाहा : तक्रार भावाची आहे, पण उठून जायचं आहे मला.

आमचे वडील वारल्यानंतर गावच्या घरावरून माझा आणि दादाचा वाद झाला होता. त्यांच्या डायलिसिसची दोन वर्षं दादानेच काढली. मी पुण्यातून पैसे पाठवत होतो. आणि तरी सगळ्या नातेवाइकांसमोर मी म्हणालो होतो, "तू त्यांचं केलंस ते घरासाठी." चौदा महिने आम्ही बोललो नव्हतो. त्या काळात मी दर रविवारी उपासनेला जात होतो, दानही देत होतो.

शमुवेलाने ऐकलेला पहिलाच निरोप त्याच्या भवितव्याबद्दल नव्हता. एलीच्या घराण्यावर येणाऱ्या न्यायाबद्दल होता, म्हणजे ज्याने त्याला वाढवलं त्यालाच सांगायची अवघड गोष्ट. तो सकाळपर्यंत पडून राहिला. मग उठून नेहमीप्रमाणे मंदिराची दारं उघडली, पण सांगायला घाबरला. मला हा मुलगा फार जवळचा वाटतो. आपणही असंच करतो ना? ऐकू आलेलं मनात ठेवून रोजच्या कामाला लागतो. शेवटी एलीने विचारलं तेव्हा त्याने काहीही न लपवता सगळं सांगितलं.

शमुवेलाच्या उत्तरातल्या हिब्रू क्रियापदाचा अर्थ ऐकणं आणि मानणं असा दोन्ही होतो. मराठीत वेगळं काय आहे? "पोरगं ऐकत नाही" असं आई म्हणते, तेव्हा ती त्याच्या कानांबद्दल बोलत नसते.

मी दादाला फोन केला. वहिनीने उचलला. रात्री त्याचा उलटा फोन आला. पहिला प्रश्न, "जेवलास का?" मी माफी मागितली. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "तू ते सगळ्यांसमोर बोललास." आणि थोड्या वेळाने, "ये एकदा घरी." मी गेलो. सगळं पूर्वीसारखं झालेलं नाही, पण आम्ही बोलतो.

आणि ऑफर? तिच्याबद्दल मला कुठलाच आवाज ऐकू आला नाही. बायकोशी बोलून, घरभाडं आणि मुलीची शाळा यांचा हिशेब करून आम्ही नकार कळवला. देवाने दिलेली बुद्धी वापरणं हाही विश्वासच आहे.

मित्रांनो, मनातली प्रत्येक टोचणी देवाचीच असते असं नाही. म्हणून या आठवड्यात एवढंच करा. कुठलंही एक पुस्तक घेऊन क्रमाने वाचा. जिथून भराभर पुढे जावंसं वाटतं, तिथे थांबा. ते वचन एखाद्या वडीलधाऱ्या विश्वासणाऱ्याला दाखवा. आणि करण्याजोगं काही असेल, तर ते उद्यावर टाकू नका.

प्रार्थना : प्रभू, मला हवं ते तुझ्या तोंडी घालण्याची माझी सवय मोड. तू जे बोललास ते ऐकायला आणि करायला मला धैर्य दे. येशूच्या नावात मागतो. आमेन.