सांगशाकची झुंज

पलटणीत गेलेला माणूस आपल्याकडे गावोगाव सापडतो. तो बोलता बोलता ब्रिगेडचे नाव काढतो. ब्रिगेड म्हणजे काय? दोनतीन पलटणी एका अधिकाऱ्याच्या हाताखाली दिल्या, की झाली ब्रिगेड. आज आपण अशाच एका ब्रिगेडची हकीकत वाचू.

सन १९४४ चा मार्च महिना. दुसरे महायुद्ध चालू होते. जपानी फौज ब्रह्मदेशातून मणिपुरात शिरली. वाटेत डोंगरावर सांगशाक नावाचे नागा लोकांचे गाव आहे. तेथे हिंदी फौजेची ५० वी पॅराशूट ब्रिगेड आडवी उभी राहिली. तिच्यात गुरखे होते. जोडीला मराठा पलटणही होती. राज्य इंग्रजांचे, पण वेढ्यात सापडली ती आपल्या गावांतली पोरे.

डोंगरावर पाण्याचे हाल. जमीन खडकाळ, खंदक खोल जाईनात. काटेरी तारही नव्हती. विमानांनी पाणी आणि दारूगोळा टाकला, पण बराचसा शत्रूच्या हाती पडला. तरी जवान हटले नाहीत. २६ मार्चच्या रात्री हुकूम आला, तेव्हाच त्यांनी जागा सोडली. शेकडो जवान मेले, जखमी झाले.

मग ही हार म्हणायची का? आम्ही तसे म्हणणार नाही. जागा गेली, पण मोलाचे दिवस हाती आले. तेवढ्यात इंफाळ व कोहिमा येथे बचावाची तयारी झाली. पुढे जपानी फौजेला माघार घ्यावी लागली.

इंफाळच्या स्मारकावर हिंदी जवानांची नावे कोरली आहेत. कधी तिकडे जाणे झाले, तर ती नावे आता आपली आपण वाचू.