माल पाठवला म्हणजे पोचला नव्हे

कीर्दीत खाडाखोड करू नये, चुकले तर उलट नोंद करावी, हे वडिलांनी आम्हाला गादीवर बसवतानाच शिकवले होते. संगणकात याच रीतीने चालणारी एक वही आहे. तिचे नाव गिट. लिनस टोरवाल्ड्स यांनी ती २००५ साली लिनक्सच्या कामासाठी तयार केली आणि आज जगभरचे प्रोग्रॅम लिहिणारे ती वापरतात. फाईल बदलली की ‘कमिट’ करायचे, म्हणजे कोणी, केव्हा, काय बदलले याची नोंद राहते. ‘पुश’ केले की तीच नोंद दुसऱ्या जागी ठेवलेल्या वहीत जाते.

मात्र हे हुकूम एकेक करून टाइप करावे लागतात. आमचे शिक्षण उर्दू माध्यमातले. इंग्रजी हुकूम पाठ करणे आमच्याने होत नाही, आणि दुकान वाढवण्याच्या घाईत ते करणार तरी कोण? यासाठी ‘गिटपायथन’ नावाची लायब्ररी आहे. पायथन भाषेतल्या प्रोग्रॅमने तिला काम सांगायचे आणि तिने ते गिटकडून करवून घ्यायचे. संगणकावर गिटच नसेल तर ती चालत नाही. तेव्हा तिला मुनीम नव्हे, दलाल समजावे.

आमच्या पुतण्याने दुकानासाठी असा प्रोग्रॅम लिहिला. रोज रात्री ९ वाजता दरपत्रक आणि ताक्यांच्या साठ्याच्या फायली कमिट व्हायच्या, मग गोदामातल्या वहीत पुश व्हायच्या. पडद्यावर ‘काम झाले’ असे यायचे. आम्ही खूश होतो.

गेल्या पावसाळ्यात दुकानातल्या संगणकाची डिस्क गेली. गोदामातली वही उघडून पाहतो तो शेवटची नोंद २३ दिवसांपूर्वीची! मधल्या काळात शर्टिंगचे भाव दोनदा बदलले होते. एक पार्टी म्हणाली, तुम्ही मीटरला ४ रुपये कमी सांगितले होते. आमच्या हातात पुरावा नव्हता. मान्य करावे लागले.

झाले होते असे. गोदामातल्या कारकुनाने एक दर दुरुस्त करून त्याच वहीत घातला होता. दुकानातल्या प्रतीत ती नोंद नव्हती, म्हणून गिट रोज रात्री आमचा पुश नाकारत होते. आणि येथेच गिटपायथनची खोड आहे. इतर पुष्कळ हुकूम फसले तर ती प्रोग्रॅम थांबवून चूक दाखवते, पण पुश नाकारला गेला तर आपणहून ओरडत नाही. निकालाची यादी हातात देते आणि गप्प बसते. ती यादी वाचायची, किंवा तिच्यावर ‘रेझ इफ एरर’ हा हुकूम चालवायचा, मग चूक उघड होते. पुतण्या म्हणाला, “चाचा, मी कमिट तपासला होता, पुश तपासलाच नाही.” ट्रान्सपोर्टवाल्याकडे गाठी दिल्या आणि पोच मागितली नाही, तशातली ही गोष्ट. पोरावर रागावलो खरे, पण दीड वर्ष आम्ही तरी गोदामातली वही कधी उघडली होती?

आणखी एक. दुसऱ्याने दिलेला पत्ता न तपासता या दलालाच्या हाती देऊ नये. त्या पत्त्याच्या जागी कपटाने भलताच हुकूम लिहून आपल्या संगणकावर तो चालवून घेता येत असे. हे भोक डिसेंबर २०२२ मध्ये ३.१.३० या आवृत्तीत बुजवले. विंडोजवर फोल्डरात ठेवलेला खोटा गिट चालवला जाण्याचा धोका २०२३ मध्ये निघाला. ती दुरुस्ती अपुरी पडली, म्हणून जानेवारी २०२४ मध्ये ३.१.४१ काढावी लागली. आपला प्रोग्रॅम ज्याने लिहिला त्याला विचारा, कोणती आवृत्ती बसवली आहे.

आमच्याकडे आता प्रोग्रॅम आधी गोदामातल्या नोंदी ओढून घेतो, मग पुश करतो, निकाल वाचतो, आणि फसले तर पडदा लाल होतो. तरीही रोज सकाळी गोदामातला कारकून फोनवर शेवटच्या नोंदीची तारीख वाचून दाखवतो.