उलटतपास कोण घेतो?

प्रश्न : इंग्रजी वर्तमानपत्रांत ‘क्रॉस-एक्झामिन’ हे क्रियापद नेहमी दिसते. आडवेतिडवे प्रश्न विचारून एखाद्याला घोळात घेणे, असा त्याचा अर्थ घ्यायचा का? आणि मध्ये संयोगचिन्ह कशाला? – एक वाचक, सातारा

उत्तर : संयोगचिन्हाचे आधी उरकून टाकू. दोन शब्द मिळून एकच क्रिया सांगतात, म्हणून ते चिन्ह. नाम केले, म्हणजे ‘क्रॉस-एक्झामिनेशन’ लिहिले, तरी ते कायम राहते.

अर्थाचे मात्र इतक्यात भागणार नाही. इथल्या ‘क्रॉस’चा रागाशी किंवा तिरकसपणाशी संबंध नाही. समोरच्या पक्षाने आणलेल्या साक्षीदाराला आपल्या वकिलाने प्रश्न विचारणे, एवढाच कायद्यातला अर्थ. आपल्या कोर्टांत त्याला ‘उलटतपास’ म्हणतात. साक्षीदार ज्याने बोलावला त्याचा वकील आधी सरतपास घेतो, मग विरुद्ध बाजू उलटतपास घेते आणि गरज पडल्यास पहिला वकील फेरतपास घेतो. 1872च्या भारतीय पुरावा कायद्यात हाच क्रम होता. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही (कलम 142 व 143) तोच आहे.

खरा फरक प्रश्नांच्या घडणीत आहे. सरतपासात वकील विचारतो, ‘त्या रात्री तुम्ही कुठे होता?’ उलटतपासात तोच प्रश्न होतो, ‘त्या रात्री तुम्ही बांधावर नव्हताच, बरोबर?’ ज्यात उत्तर आधीच भरलेले असते अशा प्रश्नाला सूचक प्रश्न म्हणतात. वादाच्या मुद्द्यावर सरतपासात विरुद्ध बाजूने हरकत घेतली, तर न्यायालयाच्या परवानगीशिवाय तो विचारता येत नाही. उलटतपासात खुशाल विचारावा. शिवाय आपल्याकडे उलटतपास सरतपासात आलेल्या गोष्टींपुरताच ठेवावा लागत नाही. अमेरिकेच्या संघीय न्यायालयांत सहसा ते बंधन असते.

मराठीत नोंदवलेली एखादी साक्ष मिळाली तर जरूर वाचा. ती सहसा प्रश्नोत्तरांत नसते, साक्षीदाराच्या तोंडची सलग निवेदने असतात. त्यामुळे उलटतपासाच्या भागात एकामागून एक अशी वाक्ये भेटतात : ‘ही गोष्ट मी पोलिसांना जबाबात सांगितली होती, ती त्यात का नमूद नाही, याचे कारण मला सांगता येणार नाही.’ ‘हे म्हणणे खरे नाही की, मी घटनास्थळी हजर नव्हतो.’ आणि बहुधा शेवटी, ‘हे म्हणणे खरे नाही की, मी खोटी साक्ष देत आहे.’ नवख्याला वाटते, हा माणूस न विचारताच नाही नाही का म्हणतोय? प्रश्न गळून गेला आणि नकार तेवढा कागदावर उरला, एवढेच झालेले असते. नकार येणार हे वकिलालाही ठाऊक असते. पण साक्षीतल्या एखाद्या मुद्द्याला आव्हानच दिले नाही, तर तो मान्य होता असा अर्थ काढला जाऊ शकतो. म्हणून तो आपल्या पक्षकाराची बाजू साक्षीदारापुढे ठेवतोच.

आपल्याच साक्षीदाराचा उलटतपास घेता येतो का? तो फितूर झाला तर न्यायालयाच्या परवानगीने उलटतपासासारखे प्रश्न विचारता येतात (साक्ष अधिनियम, कलम 157). पण मुळात दुसरी बाजूच नसेल, तर? विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ या नाटकातल्या अभिरूप कोर्टात सुखात्मे हेच सरकारी वकील आणि आरोपीचेही वकील असतात. उलटतपासाला लागणारी दुसरी बाजूच तेंडुलकरांनी त्या खटल्यातून काढून घेतली आहे. माझ्या मते नाटकातली सगळ्यात क्रूर गोष्ट तीच.

आता वापराविषयी. हे क्रियापद सकर्मक आहे आणि कर्म माणूस असतो. वकील साक्षीदाराला क्रॉस-एक्झामिन करतो, पुराव्याला नाही. घरी उशिरा आलेल्या मुलाला आईने क्रॉस-एक्झामिन केले, हा लाक्षणिक वापरही इंग्रजीत रूढ आहे, तो बिनदिक्कत करा. मात्र ‘पोलिसांनी संशयिताची उलटतपासणी केली’ हे बातमीतले वाक्य चूक आहे. पोलीस करतात ती चौकशी. ज्याचा सरतपास झालाच नाही, त्याचा उलटतपास होत नाही.