पावसाळ्यात बंद राहिलेले ऑइल एंजिन पुन्हा चालू करताना

मृग निघाला की विहिरीवरील एंजिनावर एखादे जुने तरट टाकून शेतकरी पेरणीच्या मागे लागतो. आणि मग रब्बीस पाणी देण्याची वेळ येईपर्यंत, म्हणजे चार-साडेचार महिने, त्याची आठवण कोणास होत नाही. मध्यंतरी दसऱ्यास त्याला झेंडूची माळ व हळदकुंकू मिळते. परंतु त्या दिवशीही टाकीच्या तळाचा स्क्रू उघडून आत काय साचले आहे ते पाहणारा गृहस्थ आम्हांस क्वचितच आढळला. पुढे एके दिवशी सकाळी टाकीत डिझेल ओतले जाते, दोन गडी हँडल मारू लागतात, आणि एंजिन चालू न झाल्यास मिस्त्रीकडे माणूस धावतो.

आता बहुतेक विहिरींवर विजेच्या मोटारी आल्या आहेत, काही ठिकाणी सौर पंपही बसले आहेत. तरी ओढ्याकाठच्या रानात, वीज न पोहोचलेल्या वस्तीवर आणि वीज गेली असता आधार म्हणून डिझेलचे एंजिन अजून उभे आहेच. ज्याच्यावर एरवी फारसा भार नाही, त्याचीच हयगय अधिक होते. आणि नड लागते ती नेमकी अडचणीच्या वेळी. गव्हाचेच उदाहरण घ्या. पेरणीपासून सुमारे एकवीस दिवसांनी गव्हास मुकुटमुळे फुटू लागतात. त्या वेळचे पाणी चुकले तर फुटवे कमी येतात, व ती तूट पुढे कितीही पाणी दिले तरी भरून निघत नाही. सबब एंजिनाची तपासणी पेरणीपूर्वी, आश्विनातच, करावयास हवी.

ही तपासणी म्हणजे मुख्यतः पाण्याचा शोध होय. बंद एंजिनात पाणी सिलिंडरात शिरते, डिझेलमध्ये शिरते, वंगणात शिरते. आणि जेथे ते असावयास पाहिजे त्या पंपात मात्र ते बहुधा नसते.

यांपैकी सिलिंडरातील पाणी सर्वांत घातक. रुडॉल्फ डीझेल याने १८९७ साली जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे जे एंजिन यशस्वी करून दाखविले, त्यात ठिणगीची गरज नाही. दट्ट्या हवेस इतकी दाबतो की ती ५०० अंशांच्याही वर तापते व त्या उष्णतेनेच डिझेल पेट घेते. आपल्याकडील मिनिटास १५०० फेऱ्यांचे पाच अश्वशक्तीचे एंजिन पाहा. सिलिंडराचा व्यास ८० मिलिमीटर व दट्ट्याची धाव ११० मिलिमीटर असली, तर एका धावेत सुमारे साडेपाचशे घन सेंटिमीटर हवा आत येते. ती सुमारे सतरावा हिस्सा होईपर्यंत दाबली जाते, म्हणजे वर उरते ती जागा पस्तीस घन सेंटिमीटरच्या आसपास, चहाच्या अर्ध्या कपाहूनही कमी. हवा दबते, पाणी दबत नाही. त्या अर्ध्या कपाच्या जागेत तितकेच पाणी असले, तर दट्ट्यास वर जावयास वाट राहत नाही आणि सारा धक्का त्यास क्रँकशी जोडणाऱ्या दांड्यावर येतो.

हे पाणी येते कोठून? उभ्या सायलेन्सरमधून. एंजिन बंद होताना धूर सोडणारी झडप उघडी राहिली असली, तर पावसाचे पाणी सरळ दट्ट्याच्या माथ्यावर जाऊन बसते. आमच्या स्वतःच्या एंजिनाचे असेच झाले. सायलेन्सरवर पालथा घातलेला डबा श्रावणातील वाऱ्याने उडाला व तो पुन्हा ठेवावयाचे राहून गेले. दिवाळीनंतर गड्यांनी हँडल मारले, जड चाकास वेग येताच दाबाची खिट्टी पाडली, आणि ठक् असा आवाज होऊन चाक जागच्या जागी थांबले. खिट्टी पाडावयास आम्हीच सांगितले होते. दांडा वाकला होता. दुरुस्त होऊन येईपर्यंत बारा दिवस गेले, आणि शेजाऱ्याने आपले पाणी दिले म्हणून गहू वाचला.

म्हणून पहिला नियम असा की, प्रारंभी हँडलला हात लावूच नये. डिझेल बंद ठेवून व खिट्टी उचलून जड चाक नुसत्या हाताने, अगदी सावकाश, दोन पूर्ण फेरे फिरवावे. हे एंजिन चार धावांचे असल्याने दोन फेऱ्यांत त्याचे एक आवर्तन पुरे होते. चाक मध्येच दगडास लागल्यासारखे अडले तर जोर न लावता नोझल काढावे व मग चाक फिरवावे. आत पाणी असल्यास त्या भोकातून बाहेर पडेल. तोंड मात्र दूर ठेवावे. पाणी नसून चाक जड फिरत असेल, तर दट्ट्यावरील कड्यांस गंज चढला असे समजावे. चहाचे एक-दोन चमचे स्वच्छ वंगण सिलिंडरात सोडून रात्रभर, वेळ पडल्यास दोन दिवस, स्वस्थ राहावे. अधिक ओतू नये, कारण दबत नाही ते तेलही. चाकात पहार घालून हिसडे देणारे मिस्त्री आम्ही पाहिले आहेत. त्यांचे अनुकरण करू नये. चाक मोकळे झाले की वरील झाकण काढून दोन्ही झडपा आपापल्या वेळी खाली-वर होतात की नाही ते डोळ्यांनी पाहावे. एखादी चिकटली असल्यास तिच्या दांड्यावर तेलाचे थेंब सोडून ती हळूहळू मोकळी करावी.

डिझेलकडे वळू. अर्धी रिकामी टाकी दिवसा तापते, रात्री निवते. तितक्या वेळा ती बाहेरची दमट हवा आत घेते व त्या हवेतील ओल पत्र्यावर धरून तळाशी उतरते. पाण्याहून डिझेल हलके, म्हणून पाणी नेहमी खालीच सापडावयाचे. टाकीच्या तळाचे थोडे डिझेल पांढऱ्या काचेच्या बाटलीत काढून रात्रभर ठेवावे, म्हणजे सकाळी दोहोंमधील रेघ स्वच्छ दिसते. कधी कधी त्या रेघेवर काळपट बुळबुळीत थर आढळतो. ती नुसती घाण नव्हे. पाण्यात राहून डिझेलवर जगणारे सूक्ष्म जीव तेथे वाढलेले असतात. असा थर दिसल्यास सर्व डिझेल काढून टाकी पुसून घ्यावी. कागदी गाळणी धुऊन पुन्हा वापरण्याचा मोह पुष्कळांस होतो, परंतु धुतलेल्या कागदाचा भरवसा नाही. ती नवीनच घालावी. टाकीच्या झाकणास हवेसाठी एक बारीक छिद्र असते. त्यात कुंभारीण माशी माती भरते, आणि एंजिन दहा-पंधरा मिनिटे उत्तम चालून आपोआप बंद पडते. याचे कारण न कळल्यामुळे चांगले पंप विनाकारण खोलले गेले आहेत. छिद्र तारेने मोकळे केले की काम होते.

टाकी रिकामी केली म्हणजे नळीत हवा शिरणारच. आधी गाळणीवरील, मग डिझेल-पंपावरील स्क्रू ढिला करून बुडबुडे थांबून अखंड धार येईपर्यंत डिझेल वाहू द्यावे; शेवटी नोझलकडील नळीचेही तसेच करावे. बाहेर काढलेले नोझल कसे फवारते हे पाहताना हात पुढे धरू नये. तो फवारा कातडीत घुसतो. जखम सुई टोचल्याएवढीच दिसते. पण आत गेलेल्या डिझेलने बोट गमावण्याची पाळी येते, म्हणून तत्काळ इस्पितळ गाठावे.

वंगणाविषयी थोडक्यात सांगतो. ते ताकासारखे पांढुरके दिसले तर पाणी मिसळले आहे हे उघडच आहे. १ एप्रिल २०२० पासून देशभर मिळणाऱ्या डिझेलमध्ये गंधकाचे प्रमाण दहा लाखांत दहा भागांपर्यंतच ठेवलेले असते. म्हणून आता वंगण आंबट होत नाही व बदलण्याची गरज नाही, असे कोणी सांगतात. गंधक घटले तरी काजळी व ओल राहतेच. वंगण बदलावे.

पुष्कळ विहिरींवर एंजिन थंड ठेवण्याचे पाणी पंपाच्याच नळातून घेतलेले असते. अशा ठिकाणी पंप न भरता एंजिन चालविणे म्हणजे ते कोरडे जाळणे होय. चार महिन्यांत विहिरीचे पाणी वर आलेले असते, गाळही येतो. फूटव्हॉल्व्हमध्ये काडीकचरा अडकला तर भरलेले पाणी खाली उतरून जाते. पंप काठोकाठ भरून अर्धा तास थांबावे. पाणी उतरले नाही तरच पुढे जावे.

आता हँडल. अंगठा बोटांच्याच बाजूस ठेवावा, दांड्यास वेढा घालू नये. एंजिनाने उलटा झटका दिला तर वेढा घातलेला अंगठा तुटतो. उपरण्याचे टोक, धोतराचा सोगा किंवा बायकांचा पदर पट्ट्याजवळ येता कामा नये. चालू झाल्यावर दहा मिनिटे भार न घालता मंद गतीने चालवावे. तेलाचा दाब व निघणारे पाणी यांवर नजर ठेवावी. आरंभी पांढरा धूर येतो व तो एंजिन तापल्यावर जातो. निळा राहिला तर वंगण जळत आहे, काळा राहिला तर नोझल बिघडले आहे अथवा भार अधिक आहे. उन्हाळ्यात विहिरीत खोल उतरविलेले एंजिन अजून तेथेच असेल, तर ते वर काढूनच चालवावे. त्याच्या धुराने विहिरीत माणसे मेली आहेत.

पुढील ज्येष्ठात एंजिन बंद करताना हे सारे कष्ट निम्म्यावर आणता येतात. गरम असतानाच वंगण बदलावे, टाकी गळ्यापर्यंत भरावी, सिलिंडराभोवतीचे पाणी सोडून द्यावे. जड चाक हाताने फिरवून, दाब लागू लागतो त्या ठिकाणी दोन्ही झडपा मिटलेल्या असतात, तेथेच थांबवावे. पट्टा उतरवून घरात खुंटीला टांगावा. आणि सायलेन्सरवरचा डबा तारेने आवळून बांधावा.