संगणकाची उष्णता आणि पेस्टची निवड

लातूर जिल्ह्यातील देवणी परिसरात उन्हाळ्यात पारा ४० अंश सेल्सिअसपर्यंत चढतो. अशा वेळी ग्रामपंचायतीचा संगणक मंदावला, तर दाखल्यासाठी आलेल्या ग्रामस्थास खोळंबून राहावे लागते. संगणक निकामी ठरविण्यापूर्वी पंखा, धूळ आणि प्रोसेसरवरील थर्मल पेस्ट तपासणे हिताचे होय.

प्रोसेसरचे तापमान १०० अंशांच्या जवळ गेले की, स्वसंरक्षणार्थ तो आपली गती कमी करतो. प्रोसेसर व हीट सिंक यांच्या पृष्ठभागांतील सूक्ष्म खाचांत हवा राहते. हवा उष्णतेची मंद वाहक आहे. पेस्ट तिची जागा घेते.

डेस्कटॉप प्रोसेसरवर बहुधा धातूचे झाकण असते. त्यास वीजरोधक साधी पेस्ट पुरते. लॅपटॉपमध्ये सहसा झाकण नसते व पातळ पेस्ट तापून-थंडावून कडेला सरकते. तेथे घट्ट, टिकाऊ पेस्ट निवडावी. गॅलियमयुक्त द्रवधातू उष्णता उत्तम वाहतो. परंतु तो वीजवाहक असून अ‍ॅल्युमिनिअमची हानी करतो. कार्यालयांनी तो टाळावा.

जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावी. डेस्कटॉपसाठी तुरीच्या दाण्याएवढी पेस्ट मध्यभागी लावावी. लॅपटॉपवर पातळ थर सर्वत्र पसरावा. जाड थर अडथळाच ठरतो. एवढी दक्षता घेतल्यास अनावश्यक खरेदी टळेल आणि जनतेची कामेही वेळेवर होतील.