'साठ' की 'आठ'?

गेल्या महिन्यात आमच्या ईट गावातील एक पासष्टीचे गृहस्थ मुलाबरोबर दवाखान्यात आले. घरची पिठाची गिरणी आहे. त्याच खोलीत मिरची कांडपाचे यंत्र आणि जनावरांचा भरडा काढण्याची चक्की. चाळीस वर्षे आबा त्या खोलीत उभे आहेत. मुलाची तक्रार अशी, की आबांचे डोके आता चालत नाही. एका दूधवाल्याने फोनवर साठ किलो भरडा सांगितला, आबांनी आठ किलो काढून ठेवला. त्याआधी सात किलो ज्वारीचे पाच किलोचे पैसे घेतले. "विसरभोळेपणावर काही औषध असलं तर द्या, नाहीतर यांना आता गिरणीवर बसू देत नाही," मुलगा म्हणाला. आबा खाली मान घालून बसले होते.

मी आबांना चार प्रश्न विचारले. गेल्या दिवाळीचा ज्वारीचा भाव, नातवंडांची नावे, उधारीची खाती, सगळे तोंडपाठ. मग ऐकण्याबद्दल विचारले. "ऐकू येतंय की, डॉक्टरसाहेब. पण समदी तोंडात घास धरून बोलल्यावानी बोलतेत."

डॉक्टरला दिशा दाखवायला हे एक वाक्य पुरेसे असते. 'ऐकू येते पण कळत नाही' ही तक्रार घरोघरी असते आणि घरोघरी तिचा अर्थ हट्ट, बेफिकिरी किंवा म्हातारचळ असा लावला जातो. खरा अर्थ समजून घ्यायचा तर शाळेतील पदार्थविज्ञानाचा एक धडा पुन्हा उघडावा लागेल. वाचकहो, कंटाळू नका, धडा लहान आहे.

गुरांच्या हौदात काडी टाका आणि थोडे दूर खडा टाका. लाट काडीपर्यंत येते, काडी वरखाली होते, पण जवळपास जागच्या जागीच राहते. म्हणजे पाणी पुढे जात नाही, हालचाल पुढे जाते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. किल्लारी आपल्यापासून शंभरावर किलोमीटर. तिथली माती इकडे आली नाही, पण हादरा आला. तो जमिनीतून आलेला तरंग होता. आवाज हाही तरंगच. गिरणीचा पट्टा हवेला धक्का देतो, ती हवा शेजारच्या हवेला, असे करत धक्का कानाच्या पडद्यापर्यंत पोचतो.

हा तरंग मोजण्याची मापे अनेक असली तरी कानाच्या दृष्टीने दोन मुख्य आहेत, आणि त्यांची गल्लत केल्यामुळेच आबांच्या घरात भांडण झाले. पहिले माप, सेकंदाला किती कंपने होतात ते. याला वारंवारता म्हणतात आणि ती हर्ट्झमध्ये मोजतात. ढोलकीच्या धुमेची वारंवारता कमी, शाईची जास्त. निरोगी तरुण कान साधारण २० ते २०,००० हर्ट्झ ऐकतो. (सोनोग्राफीत याच्या कितीतरी वरचे, सेकंदाला लाखो कंपनांचे तरंग वापरतात. ते कानाला कळत नाहीत.) दुसरे माप म्हणजे कंपन किती मोठे ते, म्हणजेच आयाम. आवाज हळू की मोठा हे त्यावर ठरते, आणि त्याची मोजणी डेसिबलमध्ये होते. आवाज जाड की बारीक हा एक प्रश्न, हळू की मोठा हा दुसरा.

वेगाबद्दल थोडेसे. आवाज हवेत सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. वळवाच्या दिवसांत वीज चमकल्यावर गडगडाट ऐकू येईपर्यंत आकडे मोजा. दर तीन सेकंदांना वीज एक किलोमीटर दूर. तीस सेकंदांच्या आत गडगडाट आला तर शेतातून उठून पक्क्या घरात जावे, झाडाखाली नव्हे. वेगाला वारंवारतेने भागले की एका तरंगाची लांबी मिळते. १०० हर्ट्झच्या जाड आवाजाचा तरंग ३.४ मीटर लांब, तर ३४०० हर्ट्झच्या बारीक आवाजाचा फक्त १० सेंटिमीटर. लांब तरंग घराला वळसा घालतात, भिंती-दारांतून आत घुसतात. म्हणून लांबच्या वरातीचे गाणे कळत नाही, नुसते धडधडणे तेवढे येते.

हे १० सेंटिमीटर लक्षात ठेवा. आपल्या कानाची नळी सुमारे अडीच सेंटिमीटर लांब असून आतल्या टोकाला पडद्याने बंद आहे. एका बाजूने बंद असलेली नळी तिच्या लांबीच्या चौपट तरंगाला घुमवते. अडीच चोक दहा! म्हणजे ३४०० हर्ट्झच्या आसपासचा आवाज कानात आपोआप वाढतो. निसर्गाने ही सोय बोलणे समजण्यासाठी केली असावी असे मला वाटते. पण गिरणीतला, ट्रॅक्टरचा, डीजेचा गोंगाटही तिथेच वाढून आत जातो. अंतर्कर्णात गोगलगायीच्या शंखासारखा एक अवयव असतो. त्यात सुमारे १५ हजार नाजूक केशपेशी ओळीने बसवलेल्या आहेत. तोंडाशी बारीक आवाजांच्या, आत शेवटाला जाड आवाजांच्या. गोंगाटाचा पहिला घाव बहुधा ४००० हर्ट्झच्या जवळच्या पेशींवर पडतो. या पेशी मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत.

आता 'साठ' हा शब्द घ्या. त्यातील 'आ' जाड आणि जोरकस, त्याची बहुतेक ऊर्जा दीड हजार हर्ट्झच्या खाली. 'स' मात्र बारीक, बहुतांशी ४००० च्या वरचा, आणि मुळातच हळू. बारीक आवाज ऐकणारी पेशी गेली की 'साठ'मधला 'स' गळतो आणि 'आठ' उरतो. 'सात' आणि 'पाच' या दोन्हींतून 'आ' तेवढा उरतो, बाकीचे माणूस अंदाजाने भरतो. शिवाय साध्या फोन कॉलमध्ये ३४०० हर्ट्झच्या वरचा आवाज पूर्वीपासून गाळला जातो. नव्या जोडण्यांत ही उणीव कमी झाली आहे, पण सगळीकडे नाही. आबांनी भरडा फोनवरच ऐकला होता.

मी तोंडापुढे कागद धरून आबांना शब्द म्हणून दाखवायला सांगितले. 'साठ' म्हटले, आबा म्हणाले 'आठ'. 'सात' म्हटले, आबा म्हणाले 'आत'. मुलगा चपापला. कानात मळ नव्हता, पडदा शाबूत होता. ५१२ हर्ट्झचा नादकाटा त्यांना दोन्ही कानांनी नीट ऐकू आला. यावरून कान ठीक आहे असे कोणी समजू नये. नादकाट्याने एकाच वारंवारतेची परीक्षा होते. म्हणून ऑडिओमेट्रीला पाठवले. तिच्यात २५० ते ८००० हर्ट्झपर्यंत एकेक आवाज कमी-जास्त करून देतात आणि कोणता आवाज किती डेसिबलला ऐकू येतो याचा आलेख काढतात. आबांचा आलेख १००० पर्यंत जवळजवळ सपाट, आणि पुढे विहिरीत उतरल्यासारखा. ४००० ला ७० डेसिबलपर्यंत आवाज चढवावा लागला होता.

मुलगा म्हणाला, "पण मी तर ओरडूनच सांगतो." ओरडल्याने आयाम वाढतो, तोही मुख्यतः स्वरांचा. 'आ' कानठळ्या बसण्याइतका होतो, 'स' होता तिथेच राहतो. वर आबांना वाटते, पोरगा अंगावर ओरडतो.

डेसिबलचा हिशेब आपल्या नेहमीच्या बेरजेसारखा नाही. दर १० डेसिबलला आवाजाची ऊर्जा दहापट होते. साधे बोलणे ६० च्या आसपास; ९० म्हणजे त्याच्या दीडपट नव्हे, हजारपट ऊर्जा. ९० ची दोन यंत्रे एका खोलीत लावली तर १८० होत नाहीत, ९३ होतात. पण तीन डेसिबल वाढले की सुरक्षित वेळ निम्मी होते. ८५ डेसिबलला रोज आठ तास ही कामगारांसाठी धरलेली मर्यादा. ८८ ला चार तास, ९१ ला दोन. १०० ला फक्त पंधरा मिनिटे, आणि मिरवणुकीत डीजेच्या भिंतीजवळ १०० सहज ओलांडले जातात. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, हे वाचून गावात लोक हसतात. यंत्र जवळ नसेल तर सोपी खूण अशी: हातभर अंतरावरच्या माणसाशी आवाज चढवून बोलावे लागले, की ८५ च्या पुढे गेलात असे समजा.

गिरणी बंद करा असे मी सांगितले नाही. कांडप यंत्र मागच्या खोलीत हलवायला आणि काम करताना कानात फोमचे बोळे घालायला सांगितले. कापूस कोंबून विशेष उपयोग होत नाही. मुलाने स्वतःही बोळे घालावेत, कारण त्याचीही पंधरा वर्षे तिथेच गेली आहेत. आबांना कानामागे लावायचे यंत्र मिळाले असून त्यात आलेखाप्रमाणे बारीक आवाज तेवढे वाढवले आहेत. गेलेल्या पेशी त्याने परत येत नाहीत, आणि गर्दीत अजूनही अडचण होते. घरच्यांनी समोर येऊन, तोंड दिसेल असे, सावकाश बोलावे. ओरडू नये.

परवा पीठ आणायला गेलो तर आबा गल्ल्यावर होते. मागे खडूने पाटीवर लिहिले होते: 'फोनवर आकडा फोडून सांगावा. साठ म्हणजे सहा-शून्य.'