घरचे मंद इंटरनेट : कारणे व उपाय

पनवेल व उरण तालुक्यांतील आमच्या वाचकांकडून अलीकडे जी विचारणा होते, तीत बियाणे व खते यांच्या खालोखाल एक विषय वारंवार येतो. तो घरच्या इंटरनेटच्या मंद गतीचा होय. वीस वर्षांपूर्वी हा विषय शेतकीच्या मासिकात छापण्याजोगा कोणास वाटला नसता. परंतु १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली, आणि उभ्या पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः शेतात उभे राहून, मोबाइलवरून, छायाचित्रासह करावयाची असे ठरले. सातबाऱ्याचा उतारा, पीकविम्याचा अर्ज, पी. एम. किसानच्या हप्त्याची चौकशी, वाशीच्या बाजार समितीतील भाव, ही सर्व कामे आता त्याच वाटेने होतात. भाताची नोंद सातबाऱ्यावर पडली नाही म्हणजे परतीच्या पावसाने लोंब्या आडव्या झाल्या तरी भरपाई मिळण्यास अडचण पडते, आणि आधारभूत किमतीने भात घालतानाही तोच प्रश्न पुढे येतो. सबब हा केवळ करमणुकीचा विषय राहिलेला नाही.

नवी मुंबईच्या शेजारी अशी तक्रार असावी याचे बाहेरच्या माणसास नवल वाटते. ऐरोली, रबाळे, महापे व पनवेल येथे माहिती साठविण्याची प्रचंड केंद्रे उभी आहेत, आणि समुद्राच्या तळातून परदेशांस जोडणाऱ्या तारा मुंबईच्या किनाऱ्यास येऊन लागतात. पण कालवा शिवाराच्या कडेने गेला म्हणून शेत भिजत नाही. त्यास चारी काढावी लागते. सेक्टरमधील एका उंच इमारतीत शंभर बिऱ्हाडे एका तारेवर मिळतात, तर गावात तितक्याच बिऱ्हाडांसाठी शेतांमधून दोन मैल तार ओढावी लागते. कंपन्या हिशेब पाहतात. म्हणून गावात बहुधा एकच तारवाला असतो आणि त्यास स्पर्धेची भीती नसते. हे बदलेपर्यंत जे हाती आहे त्याचा पुरता उपयोग कसा करून घ्यावा, हा या लेखाचा मुख्य हेतू आहे.

प्रथम मापाचा घोटाळा दूर केला पाहिजे. कंपनी वेग सांगते तो ‘मेगाबिट’मध्ये, आणि आपले छायाचित्र अगर चित्रपट मोजला जातो ‘मेगाबाइट’मध्ये. आठ बिट म्हणजे एक बाइट. म्हणून ४० मेगाबिटच्या जोडणीवर सेकंदास ५ मेगाबाइटच येणार, यात फसवणूक नाही. दुसरे असे की, वेग दोन असतात : आपल्याकडे येणारा व आपल्याकडून जाणारा. जाहिरातीत पहिलाच मोठ्या अक्षरांत छापतात. पीक पाहणीचे छायाचित्र ४ मेगाबाइटचे असेल तर ते ३२ मेगाबिट झाले. जाण्याचा वेग एक मेगाबिट असेल तर त्यास निदान ३२ सेकंद लागतील, आणि पाव मेगाबिट असेल तर दोन मिनिटांहून अधिक. तेवढ्या वेळात पलीकडचे यंत्र कंटाळून दार लावून घेते आणि सर्व खटाटोप पहिल्यापासून करावा लागतो. शेतकऱ्यास जाणारा वेग हाच बहुधा नडतो, हे आमचे स्पष्ट मत आहे.

आता परीक्षा. दोष कोठे आहे हे ठरविल्यावाचून पैसे खर्चू नयेत. वेगमापनाचे साधन मोबाइलवर फुकट मिळते. सकाळी सहा वाजता राउटरजवळ बसून एकदा, घरातील सर्वांत लांबच्या खोलीत एकदा, आणि रात्री नऊ वाजता याच दोन ठिकाणी पुन्हा, अशी मोजणी चार दिवस करावी व वहीत लिहून ठेवावी. घरात संगणक असल्यास तो तारेने राउटरला जोडूनही मोजावे; तीच मोजणी सर्वांत खात्रीची. तारेने चांगला वेग येतो पण खोलीत येत नाही, तर दोष घरातला आहे. पहाटे चांगला व रात्री वाईट, तर वरच्या बाजूस गर्दी आहे. सर्वकाळ सर्वत्र वाईट, तर जोडणीच बिघडली आहे किंवा योजनेची मर्यादा संपून कंपनीने वेग मुद्दाम उतरविला आहे. ही मर्यादा करारातील बारीक अक्षरांत असते, ती वाचावी.

आमच्या पाहण्यात आलेल्या घरांपैकी बऱ्याच ठिकाणी दोष घरातलाच निघाला. याचे कारण आपल्या गावठाणातील घरांची बांधणी. भावाभावांनी मजल्यावर मजला चढविलेला, मध्ये लोखंडी सळयांचे स्लॅब, आणि राउटर तळमजल्यावर दूरदर्शन संचाच्या मागे किंवा लोखंडी कपाटावर! बिनतारी लहरींस धातू, काँक्रीट व पाणी हे तिन्ही शत्रू आहेत. राउटर घराच्या मध्यभागी, डोक्याच्या उंचीवर, उघड्यावर ठेवावा; पाण्याची टाकी व माशांची काचपेटी यांपासून दूर ठेवावा. एवढ्यानेच पुष्कळ फरक पडतो व त्यास खर्च नाही.

राउटर दोन प्रकारच्या लहरी सोडतो. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी लांब जातात व भिंत काहीशी भेदतात, पण त्यांचा वेग कमी. ५ गिगाहर्ट्झच्या लहरी वेगवान, पण एका भिंतीपलीकडे मंदावतात. राउटरच्या खोलीतील यंत्रास दुसरी द्यावी, लांबच्यास पहिली. गावठाणात घरे एकमेकांस खेटून असल्यामुळे शेजाऱ्यांच्या २.४ च्या लहरी आपल्यावर आदळतात. या पट्ट्यात १, ६ व ११ ही तीनच ‘चॅनेल’ एकमेकांत न मिसळणारी आहेत. शेजारचे दोघे कोणती वापरतात ते पाहून आपण तिसरे धरावे. शेतांच्या पाळ्या ठरविणाऱ्या माणसांस यात अवघड असे काही नाही. तीन शेजारी एका ओसरीवर बसले तर पाच मिनिटांत वाटणी होते.

वरच्या मजल्यावर लहर पोहोचत नसेल तर बाजारात ‘रिपीटर’ नावाची डबी विकतात. तिच्या वाटेस आम्ही जाऊ देणार नाही. ती एकाच लहरीवर ऐकते व बोलते, त्यामुळे वेग सुमारे निम्मा होतो. त्याऐवजी तळमजल्यावरून वर एक लॅन तार न्यावी (ती १०० मीटरपर्यंत चालते) आणि वर दुसरा राउटर प्रसारक म्हणून लावावा. जुना राउटर असल्यास त्याचे तोंडच १०० मेगाबिटचे असते. ३०० मेगाबिटची योजना घेऊन त्यावर लावणे म्हणजे खारबंदिस्तीच्या अरुंद उघाडीतून खाडीभर पाणी काढू पाहणे होय. उघाडी जेवढी, तेवढेच पाणी जाणार.

मग गळती शोधावी. भाताच्या बांधास खेकडे भोके पाडतात व रात्रीत खाचर रिकामे होते. तसाच हा प्रकार आहे. संकेतशब्द गावभर झाला असेल तर बदलावा. मोबाइल आपली सर्व छायाचित्रे आपोआप वर पाठवीत असतो, ते काम रात्री उशिरा लावावे. सर्वांत मोठी गळती अलीकडे देखरेखीच्या कॅमेऱ्यांची आढळते. एका कॅमेऱ्यास दोन मेगाबिट लागत असतील तर चार कॅमेरे अहोरात्र आठ मेगाबिट वर पाठवितात. आपली जाण्याची वाट दहा मेगाबिटची असेल तर सर्व घरास दोन उरले! चित्रण घरातल्याच पेटीत साठवावे व बाहेरून पाहावयाचे तेव्हाच पाहावे. चलच्चित्राची प्रत एक पायरी उतरविल्यानेही बरीच बचत होते. मोबाइलच्या लहान पडद्यावर तो भेद डोळ्यांस जाणवत नाही.

घर निर्दोष ठरले म्हणजे जोडणीकडे वळावे. जुन्या तांब्याच्या टेलिफोन तारेवर वेग अंतराने घटतो; केंद्रापासून चार-पाच किलोमीटरवरील घरास राउटर बदलून काही लाभ नाही. फायबरमध्ये तसे नसते. काचेच्या धाग्यातून प्रकाश जातो, आणि एका मुख्य धाग्याचे फाटे करून ३२ किंवा ६४ घरांस देतात. प्रचलित पद्धतीत मुख्य धाग्यात सुमारे अडीच गिगाबिट असतात. चौसष्टही घरांनी एकाच क्षणी वापर केला तरी प्रत्येकाच्या वाट्यास सुमारे ३९ मेगाबिट येतात. म्हणून फायबर असूनही रात्री दोनच मेगाबिट मिळत असतील, तर दोष त्या फाट्याचा नव्हे. तारवाल्याने वरून पाणीच थोडे घेतले आणि शेते मात्र पुष्कळ बांधून घेतली, असे समजावे. यावर ग्राहकाची मोजणी-वही हेच शस्त्र आहे. गावातील दहा घरांनी त्याच रात्रीची मोजणी एकत्र पुढे ठेवली तर तारवाल्यास उत्तर द्यावे लागते, एकट्यास तो टाळतो.

फायबरच्या डबीवर ‘लॉस’ नावाचा लाल दिवा लागला म्हणजे प्रकाशच येत नाही. दिवा हिरवा असून जोडणी तुटत राहते तेव्हा कारागिराकडून प्रकाशाची पातळी मोजवून घ्यावी. उणे २७ डीबीएमच्या खाली ती गेली तर डबी नीट वाचू शकत नाही. उणे २० ते २५ ठीक. पातळी खालावण्याचे कारण पुष्कळदा खिडकीच्या कोपऱ्यात करकचून वाकविलेली तार असते. मुठीपेक्षा लहान वेटोळे कधीही करू नये. रस्त्यांच्या खोदकामात व उंच कंटेनरांच्या टपांस अडकून तारा तुटण्याचे प्रकार आपल्या भागात नित्याचे आहेत. प्रत्येक सांध्यात प्रकाश थोडा गळतो. सबब दुरुस्ती झाल्यावर पुन्हा मोजणी करावी.

एकच तारवाला आहे व तो सुधारत नाही, तर दुसरी वाट पाहावी. मोबाइल मनोऱ्यावरून घरास इंटरनेट देण्याची सोय आता मोठ्या कंपन्या देतात. देशात ५-जी सेवेचा आरंभ १ ऑक्टोबर २०२२ रोजी झाला. यंत्र विकत घेण्यापूर्वी प्रत्येक कंपनीचे सिमकार्ड असलेले नातलगांचे मोबाइल एक दिवस घरी आणून, निरनिराळ्या खिडक्यांत वेग मोजावा. मोबाइलच्या सेटिंगमध्ये सिमच्या स्थितीत संकेताचा आकडा दिसतो : उणे ९० च्या आसपास चांगला, उणे ११० च्या खाली निरुपयोगी. प्रबळगड व कर्नाळ्याच्या पायथ्याच्या गावांत डोंगर आड येतो. तेथे एकाच घराच्या दोन खिडक्यांत मोठे अंतर आढळेल. यंत्र वरच्या मजल्यावर, मनोऱ्याच्या दिशेच्या खिडकीत ठेवावे. मात्र मनोराही सामाईकच असतो, संध्याकाळी तोही भरतो. उपग्रहाविषयी विचारणा होते. ३५,७८६ किलोमीटरवरील स्थिर उपग्रहावरून प्रश्न जाऊन उत्तर येण्यास अर्ध्या सेकंदाहून अधिक लागतो. संभाषणास ते त्रासदायक, अर्ज भरण्यास चालेल. खालच्या कक्षेतील उपग्रहांस हा दोष नाही.

ज्या गावांत ग्रामपंचायत आहे त्यांनी ‘भारतनेट’ची चौकशी अवश्य करावी. ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची ही योजना २०११ साली मंजूर झाली, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये तिच्या सुधारित रूपास १,३९,५७९ कोटी रुपये मंजूर झाले. कार्यालयातील डबी बंद पडून आहे काय, हे ग्रामसभेत लेखी विचारावे. १ ऑक्टोबर २०१६ रोजी स्थापन झालेल्या पनवेल महानगरपालिकेत जी गावे गेली, त्यांस ग्रामपंचायतच उरली नाही; त्यांनी प्रभागाच्या नगरसेवकाकडे जावे. डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या ‘पीएम-वाणी’ योजनेखाली लहान दुकानदार किंवा सहकारी सोसायटीही परवान्यावाचून सार्वजनिक वाय-फाय देऊ शकते. भातगिरणीच्या किंवा सोसायटीच्या गोदामात असे एक केंद्र झाले, तर निदान अर्ज भरण्यापुरती सोय गावास होईल.

तक्रार करावयाची ती तोंडी करू नये. कंपनीच्या तक्रार केंद्राकडून क्रमांक घ्यावा. समाधान न झाल्यास त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जावे. त्यापुढे ग्राहक आयोगाचे दार उघडे आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १६ फेब्रुवारी २०२२ रोजी दिलेला आहे. कायद्याने ‘ब्रॉडबँड’ कशास म्हणावे हेही ध्यानात असू द्यावे : २००४ साली २५६ किलोबिट, पुढे ५१२ किलोबिट आणि जानेवारी २०२३ पासून किमान २ मेगाबिट. त्याहून कमी देणाऱ्याने ते नाव लावू नये.

पावसाळ्याच्या दोन्ही टोकांस, म्हणजे जून व ऑक्टोबरात, गडगडाट सुरू होताच राउटरचा विजेचा व तारेचाही संबंध सोडवावा. काच विजेस वाहत नाही हे खरे. पण घरापर्यंत येणाऱ्या फायबर तारेस आधाराकरिता पोलादी तार जोडलेली असते, हे विसरू नये. वीज जाऊन येऊन असलेल्या गावी राउटरकरिता बारा व्होल्टची लहान बॅटरी-पेटी मिळते, ती घ्यावी.

राहिली पीक पाहणी. मुदतीच्या अखेरच्या दिवसांत साऱ्या राज्याचे शेतकरी एकाच दारावर लोटतात, आणि त्या गर्दीपुढे आपल्या घरचा वेग कितीही असला तरी उपयोग नाही. मुदत सुरू होताच पहिल्या आठवड्यात, सकाळी सात-आठच्या सुमारास शेतावर जावे. ॲप अद्ययावत करण्याचे काम आदल्या रात्री घरच्या वाय-फायवर उरकावे. शेतात ज्या कंपनीचा संकेत चांगला लागतो, त्याच कंपनीचे सिम असलेला मोबाइल बरोबर न्यावा, मग तो मुलाचा असो की सुनेचा. नोंद झाल्याचा संदेश पडद्यावर येईपर्यंत शेत सोडू नये, आणि त्या पडद्याचे चित्र काढून ठेवावे. तलाठ्याकडे जाण्याची वेळ आली तर तेच दाखविता येते.